जिवंत माती

फ्योर्डच्या चिंचोळ्या खाडीकाठी निसर्गाच्या रीतीनं वाढवलेल्या त्या पर्माकल्चर बागेला संस्थेची मदत मिळणार की नाही, हे एका चड्डीवर ठरणार होतं. माती जिवंत असेल तर पुरलेलं सुती कापड दोन महिन्यांत खाऊन टाकते. उरतं ते नुसतं इलॅस्टिक.

बागेच्या मालकीण योरुन आजींनी खड्डा उकरला. संस्थेची परीक्षक तुरिडनं दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातानं पुरलेली चड्डी जशीच्या तशी बाहेर आली.

"आजी, तुमची माती मेलीय. मदत कशी देऊ?"

"अगं, आमच्या म्हाताऱ्याच्या या चड्डीला मागे हे एवढं भोक होतं. पुरताना तूच हसली होतीस ना?"

तुरिडनं चड्डी उलटून पाहिली. भोकावर बारीक, नीटस रफू केलेलं होतं. दोरा मात्र अजून तोडलेला नव्हता. तो खाली खड्ड्यात उतरला होता.

तेवढ्यात तो खालून हळूच ओढला गेला.