रेडिओतली बाई

"गाणारी बाई बघाया रेडिओ खोललास व्हय रं, बन्सी?"

वडिलांचा तो आवाज साठ वर्षांनंतरही बन्सीआबांच्या कानात तसाच खणखणीत होता. ‘मी न्हाई खोलला’ हे त्यांचं तेव्हा कुणी ऐकलंच नाही. तेव्हापासून तळेगाव ढमढेऱ्यातल्या त्या घरात मिक्सर बिघडो की मोबाइल, सगळे आधी आबांच्या हातांकडं बघायचे.

रविवारी त्यांच्या लेकानं, महेंद्रनं, पोरांना पुण्यातलं हात लावून बघायचं संग्रहालय दाखवायला नेलं. सोबत आबा आणि त्यांची थोरली बहीण ताईबाई. एका टेबलावर जुने रेडिओ मांडलेले, शेजारी स्क्रू-ड्रायव्हर, आणि वर पाटी: ‘कृपया हात लावा.’

"आबा, तुम्ही नका लावू हां!" नातू सम्राट ओरडला.

"एक रेडिओ मारलाय त्यांनी आधीच," महेंद्र हसत म्हणाला.

आबाही हसले, पण हात मागं बांधूनच उभे राहिले.

सम्राटला झाकण काही निघेना. तेवढ्यात ताईबाई पदर खोचून पुढं सरकली. अंधारात जात्याचा खुंटा सापडावा, तसे मागचे चारही स्क्रू तिच्या बोटांना आपसूक सापडले. झाकण अलगद निघालं.

"आत्याआजी, तुला कसं गं येतं हे?"

ताईबाईनं वाकून आत बघितलं. मग भावाकडं न बघताच म्हणाली,

 

"बन्सी, तवाबी मला आत बाई गावली न्हाई रं."