आपलंच गाव

"एक मत फुटलं न्हाई, साहेब," चिमाजीनं पुन्हा सांगितलं. भोरच्या पक्ष कार्यालयात तो खुर्चीच्या टोकावर बसला होता. "आमच्या गावात समोरच्याला भोपळा."

आनंदराव हसले. मतदारसंघात पक्षाचं सगळं तेच बघत. "ठाऊक हाय की, बाबा. तुमच्या गावाची मतं आमी मोजायच्या आधीच धरून ठेवतो."

चिमाजीला बरं वाटलं. निवडणूक आली की तो सगळ्या गावाला देवळात जमवी, बेलभंडारा उचलायला लावी आणि दिलेला शब्द पाळवून घेई. वेल्ह्याच्या डोंगरात एवढ्या एकीचं गाव दुसरं नव्हतं, असं त्याला वाटे.

आता मुद्द्याचं बोलायला हरकत नव्हती. नव्या सरकारनं ठरवलं होतं, प्रत्येक खोऱ्यात एका गावाला मुक्कामी डॉक्टर द्यायचा. चिमाजीच्या सुनेला, नूतनला, सातवा महिना होता. पहिल्या वेळी तिला नसरापूरला नेताना बाळ जीपमध्येच गेलं होतं.

"मग डाक्टर कवा धाडताय?"

आनंदरावांनी चष्मा काढून पुसला. "तो नदीपल्याडच्या गावाला दिला, बाबा."

"पल्याड? त्यांनी तर निम्मी मतं समोरच्याला टाकली."

"म्हणून तर. उरलेली निम्मी गेली की आमची जागा गेली. समोरचे तिथं रोज चकरा मारत्यात. तुमचं तसं न्हाई. तुमचं गाव आपलंच हाय. तुमी कुठं जाताय?"

चहा आला. चिमाजीनं तो बशीत ओतला, पण बशी उचलली नाही. जातो की दुसरीकडं, असं तो ठणकावून सांगणार, तोच त्याला एक दुपार आठवली.

प्रचाराच्या दिवसांत समोरचा उमेदवार गावाकडं आला होता. जीप खाली ठेवून, भर उन्हात चढ चढून. गावाला डॉक्टर हवा, त्याबद्दलच बोलायचंय, म्हणत होता. वेशीवर उभं राहून त्यानं आधी तांब्याभर पाणी मागितलं होतं.

चिमाजीनं ते कुणाला देऊ दिलं नव्हतं.