बायकांच्या रांगेतला मिस्त्री

"नाव?" खिडकीमागच्या बाईंनी कोरा फॉर्म पुढे ओढला आणि मिस्त्रीला वगळून त्याच्या बायकोकडे बघितलं.

मागे बाकांवर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या आणि त्या खोलीत पुरुष असा तो एकटाच. दारावर 'स्तनतपासणी विभाग' अशी ठळक पाटी. ती वाचून तो जिन्यातूनच माघारी वळला होता, पण बायकोनं मनगट धरलं ते सोडलं नाही. डॉक्टरची चिठ्ठी त्याच्या खिशात घामानं ओली झाली होती. ती बाहेर काढायचा त्याला धीर होत नव्हता.

गाठ त्याला झाली होती. वीस दिवसांपूर्वी आंघोळ करताना डाव्या छातीवर साबणाखाली लागली, वाटाण्याएवढी. गॅरेजमध्ये पाना निसटून मार बसला असेल म्हणून त्यानं आठवडा घालवला. मग भाऊ म्हणाला, "पुरुषांना कुठं असलं काही होतं? चरबी असेल, जिरेल." शेजारच्या पंक्चरवाल्यानं तर "मिस्त्री, बाळंतपण कधी?" असं विचारून सगळ्यांना पोट धरून हसवलं. तेव्हापासून हा भर उन्हातही शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावू लागला. आणि हाच माणूस रोज गिऱ्हाइकांवर डाफरायचा, "आवाज आला त्याच दिवशी गाडी आणायची! दुखणं अंगावर काढून काय मिळवलंत?"

शेवटी बायकोला सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. घाबरलीही नाही. तीन बोटं सपाट ठेवून तिनं ती गाठीभोवती गोल फिरवली, काखेतही दाबून बघितलं. "दुखत नाही ना? जागची हलत नाही?" एवढंच तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच त्याला डॉक्टरकडे नेलं.

"नाव सांगा ना, ताई," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

बायकोनं स्वतःचं नाव सांगितलं. पाठोपाठ वयही सांगितलं.

मिस्त्री चमकला. मग त्याच्या लक्षात आलं की बायको आपली लाज राखतेय. चारचौघींत नवऱ्याची शोभा नको म्हणून सगळं स्वतःवर घेतेय. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची शरमही वाटली.

"गाठ कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

घाईत बिचारीची बाजूसुद्धा चुकली.

"कधीपासून?"

"सहा महिने झाले."

आता मात्र मिस्त्रीचं डोकं सणकलं. खोटं बोलायलाही काही माप असतं! आत बोलावणार हिला, तपासणार हिला, आणि त्याची गाठ आली तशी घरी जाणार. कशासाठी? तर पंक्चरवाल्यानं दात काढू नयेत म्हणून! मरण आलंच तर येऊ दे, पण लाजेपायी मरायचं नाही. त्यानं ग्रीसनं काळवंडलेली मूठ खिडकीच्या फळीवर आपटली.

"बाई, लिहू नका! पेशंट ही नाही, मी आहे. गाठ मला आहे, छातीत, डाव्या बाजूला. पुरुष झालो म्हणून छाती नाही का मला? ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या."

कुणी हसलं नाही. एक म्हातारी बाकावर जरा सरकली आणि तिनं त्याला जागा करून दिली.

खिडकीतल्या बाई वैतागल्या. "मग आधी तोंड उघडायला काय झालं होतं? फुकट गेला ना एक फॉर्म!" आणि तो फाडायला त्यांनी उचलला.

बायकोनं झटकन खिडकीतून हात घालून फॉर्म धरला. मिस्त्रीकडे तिनं बघितलं नाही. आवाज मात्र त्याच्याइतकाच चढा लावला.

"फाडू नका. तो बरोबर भरलाय. ह्यांच्यासाठी दुसरा घ्या."