तटावरचे उपाशी

आमच्या बुंदीच्या गढीत भिंतीवर वेढ्याचं जुनं चित्र आहे. माझे यजमान ते उजळत होते. त्यात तटावरच्या उपाशी माणसांत एक पोर हात पसरून उभी होती. यांना राहवलं नाही. तिच्या हातावर त्यांनी भाकरी रंगवली. सकाळी हात रिकामा होता. हे रोज रंगवायचे, रोज ती नाहीशी व्हायची.

घरी आमची थोरली लेक केसर पोटभर जेवूनही वाळत गेली आणि होळीआधी दगावली.

"आता त्या भिंतीला हात लावाल तर माझी शपथ," मी म्हणाले.

तेराव्यानंतर हे घरात दिसेनात, म्हणून मी धाकट्या धापूला घेऊन गढीत गेले. तटावरच्या साऱ्यांनीच आता हात पसरले होते. हे भराभर भाकऱ्या रंगवत होते.

"अहो, थांबा!"

"गेंदा, वेढा उठेना गं. यांना मरू कसं देऊ?"

आत्ताच जेवलेली धापू कडेवरून म्हणाली, "आई, भूक."