नऊशे बाराव्या भागातलं वाक्य

फाटकाशी उभा असलेला माणूस आपल्याला फितवायलाच आलाय, हे दिग्दर्शकाने लांबूनच ओळखलं. पांढरा शर्ट, काखेत फाइल, चेहऱ्यावर नम्र हसू. असले सैतान त्याने स्वतःच्या टीव्ही मालिकेत तीनदा दाखवले होते. फक्त त्याच्या सैतानांच्या मागे धूर सोडायचे. या माणसाकडे तेवढं बजेट नसावं.

स्वर्गात येऊन त्याला चार महिने झाले होते. मेला तोही कामावरच. रडण्याचा प्रसंग चालू असताना छातीत कळ आली आणि तो खुर्चीतून घसरला. सगळ्यांना वाटलं, साहेब प्रसंगात रंगलेत. टेक संपेपर्यंत कुणी जवळ गेलं नाही. मध्ये कुणी हललं तर साहेब ओरडतात, ही शिस्त त्यानेच लावली होती.

बायको त्याच्याआधी सहा वर्षं इथे आली होती. तळ्याकाठी दोन खुर्च्या टाकून एकीत बसली होती. आयुष्यभर 'एवढे भाग संपले की जाऊ कुठेतरी' म्हणणारा नवरा शेवटी आला, तेव्हा तिने एवढंच विचारलं, की मधली सुट्टी आहे की कायमचं? कायमचं, म्हणाला तो. आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

फाटक उघडंच असायचं. बाहेर पाऊल टाकलं की नवा जन्म. परत पाळणा, शाळा, परीक्षा, डोक्यावर साहेब, पाठदुखी. आधीचं काही आठवत नाही, फक्त अंगातली कला तेवढी बरोबर जाते. परत यायचं तर अख्खं आयुष्य काढूनच. हे सगळं माहीत असूनही लोक जात. शेजारच्या सर्जनबाईंना तो माणूस एवढंच म्हणाला होता, की एक ऑपरेशन असं आहे, जे खाली अजून कुणालाच जमत नाही. बाई चपला न घालताच गेल्या. वकिलांना त्याने सांगितलं, की समोरची बाजू फार भक्कम आहे. वकील दुपारच्या झोपेतून उठून गेले. दिग्दर्शक दोघांनाही हसला होता. लोकांना कामाचं व्यसनच असतं, असं तो बायकोला म्हणाला, तेव्हा तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं होतं.

आता त्याचा नंबर होता. खरं सांगायचं तर चार महिने झाले तरी हा माणूस आपल्याकडे फिरकला नाही, याचं त्याला थोडं वाईटच वाटत होतं. त्याने केस सारखे केले, नकाराचं भाषण मनातल्या मनात जुळवलं आणि फाटकाशी गेला. बायको मागोमाग आली.

"मला आता कुठेही पोचायचं नाही," तो खर्जात म्हणाला. "जिच्यापर्यंत पोचायचं होतं, ती इथे आहे."

माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइलमधून एक कागद काढला. हे वाक्य तुमच्या मालिकेच्या नऊशे बाराव्या भागात आहे, म्हणाला. खाली असं लिहिणारं माणूस हवंय. कागदावर नाव दिग्दर्शकाचं होतं, कारण मालिकेत 'संवाद' या शब्दाखाली रोज तेच नाव झळकायचं. तुम्ही येणार नसाल तर विषय संपला, हा कागद फाडतो आणि पुन्हा तुमच्या वाटेला येत नाही, असं त्याने सांगितलं. मग कागद दोन बोटांत धरून तो थांबला.

दिग्दर्शक बायकोकडे बघेना. अकरा वर्षं ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून संवाद लिहीत होती. शाई वाळायच्या आत तो पानं ओढून न्यायचा. माझ्या नावाचं काय, असं तिने एकदाच विचारलं होतं. पुढच्या महिन्यात बघू, असं तो म्हणाला होता, आणि तो महिना काही आला नव्हता. ती गेल्यावरही सहा वर्षं त्याने तिचीच जुनी वाक्यं उलटीपालटी करून वापरली. आणि आज, तिला सोडून जाणार नाही हे तिच्यादेखत सांगायला, स्वतःचं एक साधं वाक्य त्याला सुचलं नव्हतं. त्याला लाज वाटली. मग हसू आलं. मग परत लाज वाटली.

नुसतं गप्प राहायचं होतं. कागद फाटला असता. तळं होतं, दोन खुर्च्या होत्या, आणि ती कायमची त्याच्याजवळ राहिली असती. या विषयावर गप्प राहण्याची त्याला चांगली सवयही होती.

"ते माझं नाही," तो म्हणाला. "सगळं हिचं आहे. एकूण एक."

माणसाने खिशातलं पेन काढून एक नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. तिने तो दोनदा वाचला. कुठला देश, कुठलं घर, कशी माणसं, यातलं काहीच तिने विचारलं नाही. नाव कुठे येणार, एवढंच विचारलं. पडद्यावर, सुरुवातीच्या पहिल्याच पाटीवर, एकटं, असं तो माणूस म्हणाला.

ती नवऱ्याकडे वळली.

"मी तुमची सहा वर्षं वाट बघितली," ती म्हणाली. "मला सत्तर-ऐंशी लागतील. जमेल?"

जमेल, म्हणाला तो. एवढा एकच शब्द, पण तो त्याला स्वतःला सुचला होता.

ती फाटकाबाहेर गेली. दिग्दर्शक तडक स्वर्गाच्या ऑफिसात गेला आणि तळ्याकाठी एक टीव्ही बसवून मिळेल का, अशी चौकशी केली. घाई नाही म्हणाला. वीस-पंचवीस वर्षांनी बसवलात तरी चालेल.