विचारलं तेवढंच

औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडे तिची नणंद उभी होती.

मागे फिरायची सोय नव्हती. आधीच्या दोन दुकानांत दम्याचा पंप संपलेला. लेक खोलीवर शेजारणीपाशी बसून शिट्टीसारखा श्वास ओढत होती. ती खोली कुठे आहे, हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं. सहा महिने तिने एवढी एकच गोष्ट जपली होती.

आणि नणंदेला घरात सगळे 'बातमीपत्र' म्हणत. तिला सकाळी कळलेलं दुपारपर्यंत भावाच्या कानावर गेलेलं असायचं. नटवीही तेवढीच. घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी बाह्या मनगटापर्यंत!

"ओळख दाखवा," नणंद म्हणाली. परक्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं.

पूर्वी ओळखपत्राची झेरॉक्स देऊन टाकायची, त्याच सवयीने तिने अख्खा फोन पुढे केला. मग चटका बसल्यासारखा मागे ओढला.

घर सोडलं तेव्हा महिला निवाऱ्यातल्या बाईंनी समजावलं होतं, "आता फोनमध्ये ओळखपत्रं ठेवायच्या सगळ्या वॉलेटना एकच नियम आहे. विचारलं तेवढंच दाखवतात. औषधाच्या दुकानाला तुझा पत्ता मागताच येत नाही." तेव्हा तिने मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं?

फोनवर दुकानाचे प्रश्न उमटले. डॉक्टरांची चिठ्ठी खरी आहे का? तुम्ही रुग्णाचे पालक आहात का? खाली 'दाखवा'. घामेजलेला अंगठा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा लागला.

नणंद आपल्या पडद्यावर वाकली. वाकलेलीच राहिली. एवढं काय वाचतेय?

"अहो बाई, कादंबरी आहे का ती?" रांगेतले आजोबा करवादले.

नणंदेने पडदा हिच्याकडे फिरवला. दोनच ओळी होत्या.

चिठ्ठी खरी: होय.
पालक: होय.

"पत्ता नाही आला," नणंद म्हणाली.

नणंदेने पंप पुढे सरकवला, तशी बाही वर गेली. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ. तिने बाही झटकन खाली ओढली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

"बरं झालं, वहिनी. आज दादाने हात कितीही पिरगळला, तरी सांगायला माझ्याकडे काही नाही."