तुऱ्याचा रंग

"तळपायाची जखम भरली का?" डॉक्टरांनी डोळे न उघडताच विचारलं.

भरली, असं कुंपणापलीकडून ताई म्हणाली. खालचा भुसा कोरडा ठेवल्यापासून कोंबड्या नीट चालू लागल्या होत्या. छातीवरचा फोडही बसला होता.

डॉक्टर जनावरांचे. बायको गेल्यावर त्यांनी दवाखान्याकडे पाठ फिरवली ती कायमचीच, स्वतःचाही बंद करून टाकला. आता त्यांची दुपार मागच्या ओट्यावर आरामखुर्चीत जायची. रात्रही तिथेच, आडवं पडण्यापेक्षा रेलून झोप छान लागायची. डुलकीत पांढरे पक्षी दिसायचे, संथ पाण्यावर कापसासारखे तरंगणारे. काठावर बायको दाणे टाकत उभी असायची आणि डॉक्टर तिच्याकडे निघायचे. पण पोचायच्या आत कुंपणापलीकडून कोणीतरी हाक मारायचं.

हाक मारणारी ताईच. ती त्यांची थोरली बहीण. शेजारच्या घराच्या परसात ती खाण्यासाठी कोंबड्या वाढवायची, आणि काही दुखलंखुपलं की भावाला विचारायची. या कोंबड्यांना मांस झपाट्याने चढतं आणि हाडं मागे राहतात, म्हणून त्या लंगडतात, हे त्यांनीच तिला समजावलं होतं.

आज तिचं काम संपलं नव्हतं.

"एक आहे," ती म्हणाली, "चार पावलं टाकली की थांबते. उगाच इकडंतिकडं बघते, जसं काही बघायलाच थांबली."

डॉक्टर झोपेतच हसले. त्यांनी तुऱ्याचा रंग विचारला. जांभळट, ताई म्हणाली. पाय सुजलेत, पोट ताणलंय, बसल्याबसल्या धाप लागते.

डॉक्टरांना जुना हुरूप आला. शरीराचा पसारा वाढतो आणि काळीज पुरं पडत नाही, मग अंगात पाणी साठतं, असं त्यांनी सविस्तर सांगितलं. मध्येच दम घ्यायला थांबले, पुन्हा सांगू लागले. अशा पक्ष्यावर कोणी खर्च करत नाही, वजन भरलं असेल तर कापून मोकळी हो, असंही म्हणाले.

ताई कुंपणाला अगदी लागून उभी राहिली.

"आणि कापायची नसली तर?"

"तर वेळ घालवू नकोस. पाणी उतरवायच्या गोळ्या लागतील. नाहीतर एका सकाळी उताणी पडलेली दिसेल."

"आज नेली तर वाचेल?"

"आज नेली तर वाचेल. पण एवढा जीव का टाकतेस तिच्यावर?"

ताई घरात निघून गेली. डॉक्टरांनी डोळे मिटले, पण पक्षी काही येईनात. शेवटी ते उठले. चपलेचा पट्टा लागेना, तसेच निघाले. वाटेत लिंबाच्या झाडाशी उभं राहून त्यांनी ढग पाहिले. ढग फार सुंदर होते, सावकाश विरघळत होते. कुंपणाच्या खांबाला धरून आणखी थोडे पाहिले.

ताईच्या परसात ऊन सांडलं होतं. कोंबड्या पायांत घोटाळू लागल्या. डॉक्टर ओंडक्यावर टेकले आणि एकेक मांडीवर घेऊन तपासू लागले. पोट मऊ. श्वास मोकळा. तुरे जास्वंदीसारखे लाल. शेवटची कोंबडी तर हातातून निसटून पळाली.

"सगळ्या ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "ती कुठली?"

ताई साडी बदलून आली होती. तिने फाटक उघडलं. बाहेर गाडी उभी होती, चालकाने मागचं दार उघडून धरलं होतं.

"तूच म्हणालास ना, आज नेलं तर वाचेल," ताई म्हणाली आणि तिने भावाचा सुजलेला हात हातात घेतला. "चल, बस गाडीत."